मोडी सुटली, रुमाल राहिला

गणपतीआधीची साफसफाई हे आपल्या घरांतले एक व्रतच आहे. माळा झाडायचा, पितळी समया चिंचेने घासायच्या, मखराचे सामान उन्हात टाकायचे. दोन वर्षांपूर्वी याच साफसफाईत आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून लाल कापडाचा एक रुमाल निघाला. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुन्या दफ्तरांतले कागद ज्या चौकोनी फडक्यात बांधून ठेवत तो. आत पन्नास-साठ कागद होते. सगळे मोडीत.

आमच्या घरात या रुमालाविषयी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. खापरपणजोबांना गायकवाड सरकारातून गाव इनाम मिळाले, त्याची सनद या रुमालात आहे, असे आजोबा सांगत. वडील तेच सांगत. मीही माझ्या मुलांना तेच सांगितले. गंमत अशी की आजोबांनंतर आमच्यापैकी कोणालाही त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. आजोबा शाळेत मोडी शिकले होते, वडिलांनी ती दोन वर्षे गिरवून सोडून दिली आणि मला तर ती कोणी दाखवलीही नाही. तीन पिढ्यांत एक लिपी घरातून निघून गेली आणि आम्हाला त्याचे काही वाटलेही नाही.

सौ. म्हणाली, "वाचता येत नाही तर ठेवायचे कशाला? विसर्जनाच्या दिवशी गणपतीबरोबर पाण्यात सोडू." धाकट्या भावाने फोनवरून सांगितले, "खबरदार, कुळाचा वारसा आहे तो." दोघांचेही मला पटत होते, म्हणून मी रुमाल पुन्हा बांधला आणि मोडी कशी आली व कशी गेली, हे वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते आपल्या सगळ्या घरांशी संबंधित आहे असे वाटले, म्हणून हा लेख.

मोडीचा संबंध परंपरेने हेमाडपंताशी जोडतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेला हा मंत्री. त्याने ती लंकेहून आणली अशीही एक दंतकथा आहे. दंतकथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट स्पष्ट आहे: मोडी ही कारकुनाची गरज होती. राज्यकारभार म्हणजे पत्रे, हिशेब, ताकीद, जाबते. हे सगळे हाताने आणि भरभर लिहायचे. बोरू शाईत बुडवायचा, कागदावर डावीकडून उजवीकडे आधी सबंध रेघ ओढून घ्यायची आणि मग त्या रेघेला अक्षरे लटकवत जायचे. हात उचलायचा तो शक्यतो शाई संपली म्हणजेच. अक्षरांना गोलाई आली ती यामुळे, आणि मूळ रूप मोडून अक्षर वळवलेले म्हणून नाव मोडी.

वेगासाठी मोडीने काही गोष्टी सोडूनही दिल्या होत्या. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवला नाही. दिन म्हणजे दिवस की दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा की सूत म्हणजे धागा, हे वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. नेहमीचे शब्द आखूड करायचे: राजमान्य राजश्रीचे 'रा. रा.' झाले आणि तारखेपूर्वी चंद्र या शब्दाचा नुसता 'छ' उरला. पोथ्या-पुराणांसाठी मात्र बालबोध, म्हणजे आपली आजची देवनागरी, वेगळी राखलेली होती. देवासाठी एक लिपी आणि कचेरीसाठी एक, अशी ही वाटणी शेकडो वर्षे सुखाने चालली. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वळणदार मोडीचे कौतुक आजही होते. पेशवाईत पुण्यापासून ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे आणि तंजावरपर्यंत जिथे जिथे मराठी फौजा आणि त्यांच्या मागून मराठी कारकून गेले, तिथे तिथे मोडी गेली. आपले पूर्वज इकडे आले ते तलवार घेऊन आले असे आपण सांगतो. त्यांतले बरेचसे कानावर बोरू खोचून आले होते.

ही वाटणी मोडली ती छापखान्याने. मोडीचे खिळे पाडणे अवघड. अक्षर पुढच्या-मागच्या अक्षराला जोडलेले आणि काना-मात्रा लागली की अक्षराचे रूपच बदलते. म्हणून प्रयत्न झाले नाहीत असे नाही. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी याने १८१० साली मराठीचा कोश छापला, तो मोडी खिळ्यांतच. नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा त्याला साहाय्य करत होते. पण त्याच केरीचे १८०५ चे मराठी व्याकरण देवनागरीत होते, आणि पुढची वाट त्या व्याकरणाने दाखवली. १८३१ चा मोल्सवर्थचा कोश देवनागरीत, १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेले 'दर्पण' देवनागरीत. शाळाखात्याची क्रमिक पुस्तके आली तीही देवनागरीत. मूल छापील पुस्तकावरून वाचायला शिकू लागले, तेव्हाच मोडीचा निकाल लागला होता. ती नंतर जवळजवळ शंभर वर्षे चालली, ती हाताच्या सवयीने.

बदल कोणालाच सोपा गेला नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले, तेव्हा छापील पंचांग घरात घ्यावे की नाही हाच प्रश्न होता, कारण छापण्याच्या शाईत प्राण्यांची चरबी असते. त्यांनी शाईत तूप वापरून ती अडचण दूर केली असे सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. त्या माणसाने लोकांच्या सोवळ्याची टिंगल केली नाही आणि त्या सोवळ्यासाठी छपाईही थांबवली नाही.

सरकारी पातळीवर १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध स्वीकारण्याचे ठरवले. शाळांमध्ये मोडी पुढेही काही दशके शिकवली जात होती आणि जुनी माणसे खाजगी पत्रे, वह्या-चोपड्या मोडीत लिहीत होती. स्वातंत्र्यानंतर तीही थांबली. कोणी बंदी घातली नाही, कोणी आंदोलन केले नाही. शेवटचा लिहिणारा गेला आणि त्याच्या वह्या माळ्यावर गेल्या.

इथे आपल्या बडोद्यातून पाहिले तर एक मौजेची गोष्ट दिसते. आपल्या शेजाऱ्यांच्या घरीही अशाच दोन लिप्या नांदत होत्या. गुजरातीतले वाङ्मय आणि शास्त्र देवनागरीत लिहिले जाई. पत्रे आणि हिशेब बिनरेघेच्या व्यापारी वळणात. तिथे छापखाना आला तेव्हा नेमके उलटे झाले. मुंबईच्या पारशी मंडळींनी गुजराती छपाईत पुढाकार घेतला, फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ साली 'मुंबई समाचार' सुरू केला आणि व्यापाऱ्याच्या हातातली लिपी छापील झाली. मराठीत पोथीची लिपी जिंकली आणि कारकुनाची हरली. गुजरातीत वहीची लिपी जिंकली आणि पोथीची मागे पडली. दोन्ही भाषा सुखरूप राहिल्या. नरसी मेहेतांची पदे शिरोरेषा गेल्यामुळे कमी गोड झाली नाहीत, आणि ज्ञानेश्वरी मोडी गेली म्हणून थांबली नाही. लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे कोणी व्याख्यान देऊन सांगण्यापेक्षा बडोद्याच्या एखाद्या रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या जास्त चांगले सांगतात.

बडोद्याच्या मराठी माणसाला तर लिपीपेक्षाही मोठी गोष्ट सोडावी लागली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव झाला. इथे आल्यावर त्याला मराठीबरोबर गुजराती, उर्दू आणि इंग्रजीही शिकवण्यात आली. १८८१ च्या अखेरीस राज्याची सूत्रे हाती आल्यावर या राजाने पाहिले की दरबार मराठी आहे आणि प्रजा गुजराती. अर्ज करणारा शेतकरी एका भाषेत बोलतो आणि त्याचा निकाल दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या लिपीत लिहिला जातो. महाराजांनी कारभारात गुजराती आणली. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्याला लागू केला. मुलांनी शिकायचे ते त्यांच्या भाषेत, म्हणजे मुख्यतः गुजरातीत.

जरा आपल्या त्या वेळच्या मंडळींच्या जागी जाऊन पाहा. पिढीजात कारकुनी, मोडी अक्षर हीच मिळकत, आणि एके दिवशी कळते की यापुढे गुजराती येणाऱ्याला काम. परक्या सरकारने हे केले असते तर शिव्या देता आल्या असत्या. इथे करणारा राजा आपला, मराठी. कुरकुर झालीच असणार. पण ही मंडळी गुजराती शिकली, कचेरीत टिकली आणि घरी मराठीच बोलत राहिली. महाराजांनीही मराठीकडे पाठ फिरवली नव्हती. १९०९ साली मराठी साहित्य संमेलन बडोद्यातच भरले. १९३१ साली राज्याने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कारभाराच्या शब्दांचा कोश काढला, त्यात आठ भाषांचे शब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. गुजराती आहे आणि मराठीही आहे. महाराजांनी मराठीची कचेरीतली सत्ता सोडली आणि तिची घरातली व ग्रंथातली जागा राखली. आज दीडशे वर्षांनी आपण इथे गुजराती समाजात मिसळून मराठी म्हणून राहू शकतो, याचे मूळ मला त्या निर्णयात दिसते.

मग मोडी सोडली यात चुकले काय? माझ्या मते सोडली यात काहीच चुकले नाही. चूक झाली ती सोडताना. लिपी बदलली, पण रुमालातले कागद नव्या लिपीत उतरवून कोणी ठेवले नाहीत. वाचता येणारी पिढी जिवंत होती, बसून तोंडी सांगायला तयार होती, आणि आपण घाईत होतो. न वाचता येणारा कागद घरात फार दिवस कागद राहत नाही. त्याची रद्दी होते, बंबात जळण होते, वाण्याच्या दुकानी पुडी होते. मराठ्यांच्या इतिहासाचे किती कागद असे गेले याचा हिशेब नाही.

जे वाचले ते काही वेड्या माणसांमुळे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवर चढले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली छापून मोकळे झाले. १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतच्या वर्षांची पत्रे त्यात आहेत. मूळ मोडी, छापील बालबोध. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले त्यातही राजवाड्यांचा हात होता. आणि दुसरे नाव तर आपल्या बडोद्याचेच. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीरावांच्या नोकरीत आले. महाराजांना वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे हे त्यांचे काम. ती नोकरी सांभाळून, इथे राहून, त्यांनी रियासतींचे लेखन केले. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल पाहून त्यांतल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. राजवाडे आणि सरदेसाई दोघेही मोडी परत आणा असे म्हणत बसले नाहीत. मोडीतले कागद बालबोधीत आणा, एवढेच त्यांनी केले. आपल्याला आज जो मराठ्यांचा इतिहास माहीत आहे, तो या उताऱ्यांवर उभा आहे.

आता आमच्या रुमालाकडे परत येतो. गेल्या वर्षी ओळखीतून एक मुलगी घरी आली. घरची भाषा गुजराती, इतिहासाची विद्यार्थिनी, मोडी वर्गात जाऊन शिकलेली. तिने कागद जमिनीवर मांडले, शांतपणे वाचले आणि ज्या कागदाला आम्ही चार पिढ्या सनद म्हणत होतो तो बाजूला काढला. "काका, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, "ही सनद नाही. कर्जरोखा आहे."

संवत १९११ चा कागद. खापरपणजोबांनी मुलीच्या लग्नासाठी एका पेढीवरून दोनशे बाबाशाही रुपये घेतले होते. तारण म्हणून सोन्याच्या पाटल्या आणि पुढच्या पगाराचा हवाला. मजकूर मोडीत, आणि खाली सावकाराची सही बिनरेघेच्या गुजराती वळणात. मागच्या बाजूला चार वर्षांनंतरची नोंद: मुद्दल आणि व्याज पावले, पाटल्या परत दिल्या.

घरात दोन दिवस सुतकासारखे गेले. इनाम गेले. धाकट्या भावाने तर विचारले, "तिला नीट वाचता येते ना?" मग हळूहळू त्या कागदाची गोडी लागली. परक्या मुलखात आलेला एक साधा नोकरदार, लेकीचे लग्न थाटात करतो, शेजारच्या भाषेतला सावकार त्याच्यावर विश्वास टाकतो, आणि तो चार वर्षे पोटाला चिमटा घेऊन पै-पै फेडतो. एका कागदावर दोन लिप्या, दोन माणसांचा शब्द, आणि दोघांनीही तो पाळलेला. न मिळालेल्या गावापेक्षा हा वारसा मला जास्त खरा वाटतो. जुन्याला आपण चिकटून बसतो, तेव्हा पुष्कळदा जुने काय आहे ते न वाचताच बसतो.

हे सारे लिहिण्याचे कारण असे की आता पाळी आपली आहे. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळी अजून 'नांव', 'गांव', 'कांहीं' असे डोक्यावर टिंब देऊन लिहितात. १९६२ च्या नियमांनी ते अनुस्वार गेले, तेव्हाही मराठी बुडाली असे म्हणणारे होतेच. आज माझा नातू मराठी बोलतो, पण आजीला पत्र लिहितो ते गुजराती अक्षरात. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी त्याच्यावर चिडलो. मोडीचा इतिहास वाचल्यावर माझा राग गेला. 'आजी, मला तुझे थालीपीठ पाहिजे' हे वाक्य कोणत्याही लिपीत मराठीच आहे. त्याने देवनागरी शिकावी असे मला वाटते, मी त्याला रविवारी शिकवतोही. पण लिपीवरून त्याला टोचून बोललो तर तो लिपी आणि भाषा दोन्ही टाकून देईल आणि सरळ इंग्रजीत लिहील. सयाजीरावांनी काय सोडले आणि काय राखले, तो धडा घरातही उपयोगी पडतो.

आणि राजवाडे-सरदेसायांचा धडाही. नवी लिपी, नवे यंत्र खुशाल घ्यावे, पण जुन्यातून उतरवून घेण्याचे काम जाणता माणूस जिवंत असतानाच करावे. जुन्या फोटोंच्या मागे नावे लिहून ठेवा. आज ज्यांना सगळे ओळखू येतात त्यांनाच बसवून लिहून घ्या. आजीच्या पाककृतींच्या वहीतले 'चिमूटभर' आणि 'अंदाजाने' म्हणजे किती, हे तिलाच विचारा. मोडी कागद असतील तर त्यांचे छायाचित्र काढा आणि वाचणाऱ्याकडे न्या; मोडीचे वर्ग आज पुन्हा चालतात, आणि २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली आहे, म्हणजे ती आता संगणकावरही लिहिता येते. वाचून झाल्यावर कागद ठेवायचा की एखाद्या संग्रहाला द्यायचा ते तुम्ही ठरवा. न वाचता मात्र पाण्यात सोडू नका.

आमच्याकडे पूर्वी गणपती सूरसागरात जात असे, आता कृत्रिम तलावात जातो. पहिल्या वर्षी घरात कोणाला ते आवडले नव्हते, आता सवय झाली. विसर्जन मात्र तसेच होते. दहा दिवस ज्या मूर्तीपुढे हात जोडले ती आपण आपल्या हातांनी पाण्यात सोडतो आणि रिकाम्या पाटावर काठावरची मूठभर वाळू घेऊन घरी येतो. ती वाळू घरात सगळीकडे थोडी थोडी टाकतात. सोडायचे किती आणि परत आणायचे किती, हे आपल्या पूर्वजांना चांगले कळत होते.

आमचा रुमाल सध्या पेटीत आहे. वर एक कागद डकवला आहे, आत काय आहे याची यादी असलेला. यादी बालबोधीत आहे, आणि नातवाच्या आग्रहाने खाली गुजरातीतही.